चूप का रोजा

६ नोव्हेंबर, गुरुवार

जिंकले! सतरा विरुद्ध नऊ. अकरा वर्षांत जलीलभाईंना सरळ मतांनी हरवलं ते आजच. एरवी तो माणूस हरत आला की एखादा किस्सा सांगतो, लोक हसतात आणि मतं तिकडे वळतात.

वाद काय, तर शब्द सुचवणारा मराठी कळफलक वापरावा की नाही. मी म्हटलं, वापरावा. वेळ वाचतो, ऱ्हस्व-दीर्घ सुधारतं, आणि 'घेऊ का नको' हा आमचा फोनवरचा गट निदान वाचण्याजोगा होईल. मिक्सर घेऊ का नको, इन्व्हर्टर घेऊ का नको, एवढं विचारायला निघालेला गट! आता सल्ला कमी आणि शब्दांवरून भांडणं जास्त. त्यातली निम्मी माझी, निम्मी जलीलभाईंची.

लातूरहून त्यांनी नेहमीप्रमाणे आवाजच रेकॉर्ड करून पाठवला. लिहिणं त्यांना मान्य नाही. मागे दुकानात दुरुस्तीला आलेल्या कुठल्यातरी मोबाईलची रिंग, आणि त्यांच्या बायकोची, हाजराबींची, जेवायला हाक. "पंडिताईनबाई, कळफलक म्हणू नका, कळ म्हटलं की पोटात दुखतंय. कीबोर्ड म्हणा. अन् दुकानदारानं तीन शब्द पुढं ठिवायचे, म्हणायचं घे यातला एक. असला दुकानदार मला चालत न्हाई. मेरा मुँह हाय, किराये का थोडी हाय!"

नऊ मतं या शेवटच्या वाक्यालाच पडली असणार.

गटाचा नियम असा — हरेल त्यानं जिंकलेल्याची वस्तू महिनाभर वापरायची, आणि तीन दिवस गप्प बसायचं. या गप्प बसण्याला 'वाग्दंड' हे नाव मी दिलं. जलीलभाई म्हणतात 'चूप का रोजा'. आज मी जाहीर केलं, जलीलभाईंना तीन नाही, आठ दिवस! कारण? काही नाही. विजयाचा माज.

त्यांनी नुसता अंगठा पाठवला. कबूल.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

जलीलभाईंनी दुकानाच्या काचेचा फोटो टाकला. पाटी लावलीय — 'मालक का चूप का रोजा है. मोबाईल ठेवा, खुणेनं सांगा.' खाली बारीक अक्षरांत, 'घर में भी.'

लोह्याचे शेषेराव लगेच उठले. "फोटो म्हंजी बोलणंच की! दिवस वाढवा ताई." मी म्हटलं, चित्राला वाचा नसते, दंड लागू नाही. त्यांनी शास्त्राधार विचारला. सुचला नाही, तेव्हा "आहे" एवढंच सांगितलं.

वर्गातसुद्धा हसू येत होतं.

१० नोव्हेंबर, सोमवार

गट शांत. कुणीतरी गिझर विचारला, चौघांनी चार कंपन्या सांगितल्या, संपलं. कुणी चिडलंच नाही. असल्या सल्ल्याचा काय उपयोग!

१५ नोव्हेंबर, शनिवार

रोजा काल सुटला. आज दिवसभरात सात वेळा फोन पाहिला. काही नाही. रुसले असतील.

अकरावीला संस्कृतातलं द्विवचन शिकवलं. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, दोघांसाठी वेगळं रूप कशाला? एकापेक्षा जास्त झाले की झालं की." मी म्हटलं, दोघं म्हणजे गर्दी नव्हे, म्हणून. मुली हसल्या. मी पुन्हा फोन पाहिला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सुदर्शनचा फोन. गट चालवतो तो, निलंग्याला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. मालासाठी लातूरला गेला होता. "जलीलभाईच्या दुकानाला कुलूप हाय ताई. पाटी तेवढी लटकून राहिली. लग्नाबिग्नाला गेले असतील."

पाटी अजून आहे? रोजा सुटून पाच दिवस झाले!

२३ नोव्हेंबर, रविवार

आले! आणि चक्क लिहून —

"नमस्कार. आपण सर्व कसे आहात? मी ठीक आहे. धन्यवाद."

मी इतकी हसले की चहा सांडला. जलीलभाईंना कुणीतरी इस्त्री करून पाठवल्यासारखं. दंडाची दुसरी अट पाळताहेत, महिनाभर सुचवणारा कळफलक! गटावर लिहिलं, "पाहा मंडळी, आठ दिवसांच्या मौनानं माणूस किती सुसंस्कृत होतो!" धडाधड हसरे चेहरे पडले.

जलीलभाईंचा पडला नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

आज मुद्दाम खोड काढली. लिहिलं, दुकानात जाऊन फोन घेण्याचे दिवस संपले, आता सगळं घरपोच, दुरुस्तीवाल्यांनी दुसरा धंदा पाहावा. एवढ्यावर जलीलभाई पूर्वी चार मिनिटांचा आवाज पाठवायचे.

'जलील टाइप करत आहे…' असं वर उमटलं. राहिलं. भाजी फोडणीला टाकली, परतली, झाकण ठेवलं, तरी तेच. अठरा मिनिटं. मनात म्हटलं, आज माझी धडगत नाही.

आलं ते एवढंच — "बरोबर आहे ताई."

ताई! अकरा वर्षं पंडिताईन म्हणणारा माणूस! आणि बरोबर?

भाजी लागली.

७ डिसेंबर, रविवार

महिना काल संपला. लिहिलं, "सुटलात! आता तुमचा आवाज येऊ द्या. मागच्या रिंगसकट." पंधरा मिनिटं ते टाइप करत राहिले. "नंतर पाठवतो."

शेषेराव म्हणाले, "ताई, हे जलीलभाई न्हाईत. त्याच्या फोनातून दुसरंच कुणीतरी बोलून राहिलंय."

थट्टेत म्हणाले. सगळे हसले. मला नाही आलं हसू.

९ डिसेंबर, मंगळवार

कॉलेज सुटल्यावर फोन लावला. अकरा वर्षांत लावला नव्हता, आमचं सगळं गटावरच. दोन रिंगा, कापला. पुन्हा लावला, कापला. तिसऱ्यांदा उचलला.

दुकानाचा आवाज नाही, रस्ता नाही. नुसता श्वास. मी म्हटलं, "जलीलभाई?" तिकडून "आ—" असं काहीतरी, शब्दाचं नुसतं तोंड. मग कापला.

स्टाफरूमच्या बाकावर बसून राहिले.

१२ डिसेंबर, शुक्रवार

त्यांचे जुने आवाज काढून ऐकते आहे. शेकड्यानं आहेत. पुसले कसे नाहीत कोण जाणे. 'जागा भरली' म्हणून फोन ओरडायचा तेव्हा मी भाचीच्या लग्नाचे फोटो पुसले, हे नाही.

एकात सांगताहेत, "जी वस्तू पेचकसानं उघडत न्हाई ती घेऊ नये बाई. उद्या बिघडली तर आत कुठून बघणार?" हे त्यांचं पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, ब्रह्मवाक्य. इस्त्रीपासून मोटारीपर्यंत प्रत्येक वादात. गटातल्या प्रत्येकाला पाठ.

माणूस गेला असावा. हे लिहायला तीन दिवस लागले. माणूस गेला, आणि त्याच्या फोनात बसून कुणीतरी, किंवा काहीतरी, 'धन्यवाद' म्हणतं आहे. सुदर्शन म्हणतो, आजकाल मशीन कुणाचंही बोलणं बनवतं. मग हे इतकं वाईट का बनवतं? शिकायला अकरा वर्षांचे आवाज पडलेत!

नांदेडहून लातूर एसटीनं साडेतीन तास. मी जात नाही. कारण लिहून ठेवते: गेले तर कळेल.

१८ डिसेंबर, गुरुवार

आज निकाल लावला.

शेषेराव चारदा म्हणाले, "हा नंबर एखादी लिंक टाकील अन् आपल्यातलं कुणीतरी दाबून बसंल." बरोबर आहे त्यांचं. म्हणून मी सगळ्यांसमोर विचारलं, "जलीलभाई, कोणती वस्तू घेऊ नये?"

सगळे पाहताहेत हे कळत होतं. 'जलील टाइप करत आहे…' थांबलं. पुन्हा सुरू झालं. पुन्हा थांबलं. बावीस मिनिटं.

"सर्व वस्तू चांगल्या आहेत."

शेषेराव म्हणाले, "झालं! फैसला झाला." सुदर्शननं लिहिलं, "काढू का ताई?" विचारलं मलाच. दंड नेहमी मीच सांगते ना.

आधी त्या नंबरला लिहिलं, "तू जो कुणी आहेस, मेलेल्या माणसाच्या तोंडानं बोलू नकोस."

त्यानं वाचल्याचं दिसलं. मग सुदर्शनला लिहिलं, "काढा."

काढलं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

गटावर सगळे सुटल्यासारखे बोलताहेत. कुणीतरी एअर फ्रायर विचारला.

२१ डिसेंबर, रविवार

सकाळी पोहे करताना फोन ओट्यावर होता. गट नव्हे, जलीलभाईंचं खासगी पान. त्यावर 'टाइप करत आहे…' विझलं. पुन्हा लागलं. विझलं. तीनदा.

काही आलं नाही.

भूत असेल तर इतकं अडखळत कशाला लिहील?

२७ डिसेंबर, शनिवार

सकाळच्या गाडीनं लातूरला गेले. गंजगोलाईपाशी उतरून विचारत विचारत. दुकान उघडं. काउंटरवर एक मुलगी डोळ्याला भिंग लावून फोन उघडत होती. मी नाव सांगितलं. तिनं भिंग काढलं. "नांदेडच्या पंडिताईन आंटी?" ती अर्शी, त्यांची मुलगी. फार्मसीचं शिक्षण थांबवून दुकानात बसते. विचारता येईना. तिनंच आतला पडदा सारला.

जिवंत आहेत.

खुर्चीवर, उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला. तोंड एका बाजूला उतरलेलं. लकवा. मला पाहिलं, ओळखलं, आणि डावा हात कपाळाला नेला. "आ—" तोच आवाज.

अर्शी म्हणाली, "समजतं सगळं. शब्द डोक्यात येतो, तोंडात येत न्हाई. डॉक्टर म्हणले, लिहितानाबी तसंच होईल. पण कीबोर्डवर तीन शब्द येतात ना, ते वाचून, त्यातला जवळचा दाबतात. डाव्या अंगठ्यानं." कुणाला कळवलं का नाहीत, मी विचारलं. "अब्बांनीच सांगू दिलं न्हाई. गिऱ्हाईक काय म्हणंल! खुणेनं म्हणले, मीच बोलीन सगळ्यांशी."

सगळं तेच बोलत होते. एकेक शब्द. पाच-पाच मिनिटांना एक.

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. थांबा. फोन घेतला. मी शेजारी बसून पडद्यावर पाहत होते. खाली तीन शब्द येत. ते वाचत, मान हलवत, पुसत, पुन्हा. माझ्यासाठीचा शब्द शोधत होते. 'पंडित' आलं. 'पंढरी' आलं. 'पंडिताईन' त्या यंत्राला ठाऊकच नाही. शेवटी होतं ते दाबलं. दोन हात अंतरावर ठेवलेल्या माझ्या पिशवीत फोन वाजला.

"या ताई."

त्यांचा फोन मागून घेतला. वर माझंच वाक्य होतं, मेलेल्या माणसाचं. त्यांनी पुसलं नव्हतं. मी त्याच्याखाली 'पंडिताईन' असं तीस वेळा लिहिलं. पुन्हापुन्हा लिहिलं की शिकतं म्हणतात. एकतिसाव्या वेळी 'पं' लिहिल्याबरोबर मधोमध आलं. त्यांनी ते पाहिलं आणि उरलेल्या अर्ध्या तोंडानं हसले.

२८ डिसेंबर, रविवार

काल एक लिहायचं टाळलं. निघताना हाजराबींनी चहा दिला. रागानं नव्हे, साधं सांगितलं.

"बुधवार होता, बारा तारीख. सकाळी उठले, एक शब्द बोलले न्हाईत. मी म्हटलं, रोजा चालू हाय, बाईंनी सांगितलेला. पोरगी बी हसली. खुणा करत होते, आम्हाला वाटलं गंमत करून राहिले. सांजच्याला कप पडला हातातून, तवा कळालं. डॉक्टर म्हणले, सकाळीच आणायला पाहिजे होतं."

बारा तारीख म्हणजे सहावा दिवस. नियम तीन दिवसांचा होता.