गोधडीच्या आतलं गाणं

काटवा, १२ डिसेंबर १९९८

ती. पुंटीदिदीस, गोष्ठचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. तीनदा लिहायला बसलो, तीनदा भीतीने उठलो.

आपल्या थोरल्या भावाच्या, बडदाच्या नव्वदाव्या जयंतीची धावपळ सुरू आहे. स्मारक समितीचे भादुडीबाबू त्याची जुनी वही घेऊन आले होते. तुझ्या पहिल्या बाळंतपणाआधी तू गोधडी शिवत होतीस, तेव्हा आतल्या धोतरावर त्याने शाईने अंगाई लिहिली आणि तू वर साडी घालून टाके घातलेस, असं तीत आहे. ती अंगाई कुठेच छापलेली नाही. बाबू म्हणतात, उसवा. मी विचारलं, फाटली तर? तर म्हणाले, एवढ्या मोठ्या कवीचे भाऊ तुम्ही, आणि चिंध्यांची काळजी करता!

तुझं बाळ राहिलं नाही आणि गोधडी इथे माहेरच्या पेटीतच राहिली. चौसष्ट वर्षांत पाणी लागलं नाही तिला. इकडे नातसून कंकणाचे दिवस भरलेत. ती म्हणते, आजोबा, मला तीच द्या. मला अपशकुनाची धास्ती. मी चौथी शिकलेला माणूस. बडदाचं नाव राखू की बाळाला जपू? तूच सांग.

तुझा गोष्ठ

कृष्णनगर, २० डिसेंबर

चि. गोष्ठ यास अनेक आशीर्वाद.

चौऱ्याऐंशी वर्षांची झाले, अजून तुझं नाक मीच पुसायचं का? माझा एक टाका उसवलास तर तोंड दाखवू नकोस. बडदाने ती अंगाई भाच्यासाठी लिहिली, सभेसाठी नाही. मला पाठ आहे, पण बाबूंना सांगायची नाही. आणि अपशकुन कसला रे? गोधडीला बाळ मिळालं नाही, एवढंच. आता मिळू दे.

खोकला आहे तोवर विडी बंद.

तुझी दिदी

काटवा, ९ जानेवारी १९९९

ती. दिदीस सा. न.

मुलगी झाली! दोघी सुखरूप आहेत. तुझ्या गोधडीत गुंडाळली आणि पाव तासात तिने ती भिजवली. भादुडीबाबू समोरच उभे होते. त्यांनी कपाळाला हात लावला. मी स्वतः धुतली, साबण न लावता, हळूहळू. पाणी निळं झालं, दिदी. मोरीत ओतवेना, पारिजातकाच्या मुळाशी घातलं.

आता ते गाणं फक्त तुझ्याजवळ उरलं. समितीला देणार नाही, बडदाची शपथ. पण पोर झोपत नाही गं, आणि तिला दुसऱ्या कुणाची अंगाई म्हणायला माझी जीभ वळत नाही. दोन ओळी तरी पाठव. मोठ्या अक्षरात लिही, मला दिसत नाही. आपल्या दोघांचं वय बघ आणि उलट टपाली लिही.

तुझा गोष्ठ