मागचा एक्सल उघडा होता त्या दिवशी

दादा, तुमची लेक आज दिवसभर एका जुन्या ट्रकच्या मागच्या एक्सलखाली होती. आता पाठ सरळ होत नाही, झोपही येत नाही, म्हणून लिहायला बसले. तुम्ही जाऊन किती वर्षं झाली हे मोजायचं मी सोडून दिलंय. आपल्या गॅरेजच्या दोन्ही अंगांना काचेची दुकानं झालीत. असले ट्रक आता क्वचितच येतात, आणि आले की मला आधी दमायला होतं, मग काम सुरू होतं.

आज एक्सलमधला क्राऊन, ते मोठं दातेरी चाक, हातात घेतला आणि तो कापसाचा ट्रक आठवला. मी सासरहून, सोयगावहून, एका पिशवीनिशी परत आले होते. तुम्ही जेवायला बसलेले, आई भाकरी थापतेय. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "असं न सांगता निघून येतेत व्हय? मी लोकांला काय तोंड दाखवू?" आईचा हात परातीतच थांबला. काय झालं हे तुम्ही विचारलं नाहीत, आणि विचारल्याशिवाय सांगायची आपल्या घरात रीत नव्हती. पुढं कित्येक दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत.

मग तो ट्रक आला. कन्नडच्या घाटात मागून खडखडाट सुरू झालेला, ड्रायव्हरनं कसाबसा गॅरेजपर्यंत आणलेला. तुमचा मिस्त्री लग्नाला गावी गेला होता. तुम्ही एकट्यानं मागची बाजू उचलून खाली लाकडी ठोकळे लावलेत, तेल काढलंत. तेलातून क्राऊनच्या दातांचे तुकडे निघाले. दोन्ही बाजूंचे शाफ्ट ओढून झाले, आणि डिफरन्शियलचा तो जड गोळा बाहेर घ्यायची वेळ आली तेव्हा घराच्या दाराकडं बघून तुम्ही हाक मारलीत, "इकडं ये गं. नुसतं धर."

गोळा निघाला. नवीन क्राऊन बसवताना तुम्ही तो माझ्या हातात दिलात. माझा डावा हात वळलाच नाही. क्राऊन निसटला आणि तुमच्या मांडीवर आपटला. मला वाटलं, आता शिवी बसणार. तुम्ही माझा हात धरून बाही वर सारलीत. मनगटाचं हाड वाकडंच जुळून आलं होतं.

"कधी मोडला?"

"संक्रांतीच्या आधी."

"दवाखान्यात नेलं नाय?"

"नाय. आणि कुणी विचारलं तर पडले म्हणून सांग, सासरचे म्हणले."

कोणी मोडला हे तुम्ही विचारलं नाहीत, मीही सांगितलं नाही. तुम्ही माझा हात खाली ठेवलात, मांडीवरचं तेल पुसलंत आणि म्हणालात, "उजव्या हातानं धर." मग दातांना तेलात कालवलेला शेंदूर लावून तुम्ही पिनियन, क्राऊनला फिरवणारं लहान दातेरी चाक, फिरवायला लागलात. दात नीट जुळले तर शेंदराचा डाग दाताच्या मधोमध पडतो, तो कडेला पडत होता. पुन्हा खोलायचं, पातळ पत्रा बदलायचा, पुन्हा बसवायचं.

तेवढ्यात जीप येऊन थांबली. माझे मोठे दीर, आणि सोबत त्यांच्या गावचे एक वजनदार गृहस्थ. दीर म्हणाले, "मामा, झालं गेलं सोडा. पाठवा तिला. दोन्ही घरांच्या अब्रूचा सवाल हाय."

तुम्ही जागचे हलला नाहीत. "पाणी प्या आन् जा. ती येणार नाय."

"का म्हणून?"

"माझ्याकडं कामाला हाय."

गृहस्थ हसले. "पोरगी अन् गॅरेजमधी? लोक शेण घालतील तोंडात."

"घालू द्या." मग तुम्ही पाना खाली ठेवलात. "तिचा हात कुणी मोडला ते हितं सांगता का ठाण्यात, तेवढं सांगा."

दीर आधारासाठी ट्रकच्या ड्रायव्हरकडं बघायला लागले. तो बिचारा सकाळपासून खोळंबलेला. पुढं येऊन म्हणाला, "चलो मियाँ, जगा छोडो. उस्ताद को काम करने देओ."

जीप गेली. तुम्ही पुन्हा पिनियन फिरवलंत. "बघ, डाग कुठं पडतोय?"

"मधी."

"मंग आवळ बोल्ट."

त्या विषयावर तुम्ही नंतर कधीच बोलला नाहीत. मिस्त्री परत आला तरी तुम्ही मला आत जा म्हणाला नाहीत. सरकारी दवाखान्यात नेलंत, डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. सोडचिठ्ठी मिळायलाही फार वेळ गेला. कोर्टाच्या प्रत्येक तारखेला तुम्ही धुतलेला सदरा घालून माझ्याशेजारी बाकड्यावर बसलात. पुढं आई गेली, मग तुम्ही गेलात, आणि गॅरेज माझ्याकडं राहिलं.

लोक म्हणतात, बाईनं बापाचा हुन्नर जपला. मी मान हलवते. हे कागद कुठं पाठवायचे? सकाळी बंब पेटवताना जातील. तुमच्या तोंडावर जे म्हणता आलं नसतं, तेवढं लिहून ठेवते. दादा, मला हे काम कधीच आवडलं नाही. तुम्हाला ते कळू नये, म्हणून रोज तुमच्या आधी उठून मी शटर उघडायची.