हिंदवीच्या खोलीचं माप

इनामगाव, ता. शिरूर
२४ मार्च २०२५

प्रिय मित्र मेहमूद यास,
सावळारामचा स. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. जन्नतभाभींचे गुडघे कसे आहेत ते कळव. रेल्वेत सुतारकाम करता करता तू कान गमावून बसलास, आता तुला फोनवर काही सांगायचं म्हणजे सगळ्या आळीला सांगायचं. म्हणून पत्र.

बातमी अशी, की हिंदवी येतेय. विक्रमची मुलगी, माझी एकुलती एक नात. पाच वर्षांनी येतेय. तुला मी सांगितलं होतं बघ, घराला नवा रंग दिला त्याच आठवड्यात तिने कोळशाने सोप्याची सगळी भिंत चितारली आणि मी तिला फटका दिला. चार वर्षांचं पोर ते. सूनबाईने, तेजश्रीने, दुसऱ्याच दिवशी सकाळी बॅग भरली आणि निघताना एवढंच म्हणाली, की जिथे पोरीला भिंतीला हात लावायची चोरी आहे, तिथे आम्ही यायचं तरी कशाला. ते लोक नाशिकला गेले ते गेलेच. विक्रम दिवाळीला एकटा येतो, दोन घास खातो आणि निघतो.

आता तेजश्रीने मे महिन्यात पंधरा दिवस पोरीला पाठवायचं कबूल केलंय. अट एकच. पोरीने घरी न्या म्हटलं, की त्याच दिवशी विक्रम येऊन नेणार, आणि आम्ही पुन्हा कधी बोलवायचं नाही.

बैल विकल्यापासून गोठ्याशेजारची पेंडीची खोली रिकामीच आहे. ती तिला खेळायला, चित्रं काढायला, चिकटवाचिकटवी करायला द्यायची असं ठरवलंय. आमची साखरबाई म्हणते, म्हाताऱ्याला आता बाहुल्या मांडायची हौस आलीया. म्हणू दे. शिरूरच्या दुकानात लहान मुलांच्या टेबलाची किंमत विचारली आणि दुकानदाराला राम राम करून बाहेर आलो. तेव्हा टेबल, खुर्ची आणि एक मांडणी तूच करायची. नाही म्हणू नकोस.

कळावे, आहे तो लोभ तसाच ठेव.
तुझा, सावळाराम


दौंड
२ एप्रिल २०२५

प्रिय सावळाराम यास,
मेहमूदचा सलाम वि. वि.

पत्र वाचून जन्नतला दाखवलं. तिचे गुडघे तसेच आहेत, जीभही तशीच आहे. ती म्हणाली, शाळेत असताना सावळारामने तुमची पाटी फोडली होती, त्याचं टेबल फुकट करायचं का. मी म्हटलं, नातीचं आहे, त्याचं नाही.

विकत काही आणू नकोस. सणसवाडीच्या कंपन्यांत यंत्रं ज्या पेट्यांतून येतात त्यांच्या फळ्या भंगारवाल्याकडे पडून असतात. माझा पुतण्या अजीम टेम्पो घेऊन तिकडे जातोच, तो आणील. रंधा मारला की लाकूड नव्यासारखं होतं.

तू तुझ्याकडचं काम कर. खेळणी कपाटात कोंबू नकोस, कपाटातलं खेळणं पोरांना आठवत नाही. कांद्याच्या जाळीच्या पिशव्या धुऊन खुंट्यांना टांग, म्हणजे आत काय आहे ते बाहेरून दिसतं. रंगाच्या कांड्यांना तेलाचे डबे काप, पण कडा आत दुमडून ठोक, पोरीचं बोट कापेल. आणि मुख्य म्हणजे तिची उंची विक्रमला विचारून कळव. अंदाजाने सोसायटीची निवडणूक लढवता येते, सुतारकाम करता येत नाही.

साखरवहिनींना सलाम. आठवण ठेवतोस, अशीच ठेवत जा.
तुझा, मेहमूद


इनामगाव
१० एप्रिल २०२५

प्रिय मेहमूद यास,
स. न. वि. वि.

तू सांगितलेलं सगळं केलं. खोली तीनदा धुतली, तेव्हा कुठे पेंडीचा वास गेला. चुन्यात चिमूटभर नीळ घालून भिंतींना हात दिला. शाळेच्या गुरुजींकडे फळ्याच्या काळ्या रंगाचा अर्धा डबा उरला होता, तो मागून आणला आणि एका भिंतीला खालून तीन फूट फासला. पोरीने तिथे खडूने हवं ते काढावं. त्याच्या वर तिला हात न्यायची गरज पडायची नाही, म्हणजे वरचा चुनाही शाबूत राहील. साखरबाईने जुन्या लुगड्याचा पडदा केलाय. घोडनदीच्या काठची चिकणमाती चाळून, भिजवून घमेल्यात झाकून ठेवलीय.

उंचीचं म्हणशील तर विक्रमला विचारायला मला लाज वाटते. आजोबाला नातीची उंची ठाऊक नाही, हे मुलाला आपल्या तोंडाने सांगू? मला ठाऊक आहे. माझ्या शेजारी उभी राहिली, की कमरेच्या खाली चार बोटं येते. त्या मापाने कर.

मेहमूद, मला रोज वाटतं, ती दुसऱ्याच दिवशी चला म्हणेल. तसं झालं तर जिवंतपणी मला पुन्हा ती दिसायची नाही.

भाभींना नमस्कार. माया कमी होऊ देऊ नकोस.
तुझा, सावळाराम


दौंड
२५ एप्रिल २०२५

प्रिय सावळाराम यास,
सलाम वि. वि.

अजीमच्या टेम्पोतून सामान पाठवलंय. टेबल अठरा इंच, खुर्ची दहा इंच. कोपरे गोल केलेत. मांडणीला तीन कप्पे, वरचाही तिच्या हाताला येईल असा. खुर्चीची गादी जन्नतने शिवली, वर पाटीचा हिशोब फिटला नाही असं कळवायला सांगितलंय.

माप मला लहान वाटलं. पण पोर तुझी, माप तुझं. फार घाबरू नकोस. पोरं आपल्याइतकी डूख धरून बसत नाहीत.

ती आल्यावर लगेच कळव. इथे जीव टांगलेला आहे.
तुझा, मेहमूद


इनामगाव
४ मे २०२५

प्रिय मेहमूद यास,
स. न. वि. वि.

परवा विक्रम हिंदवीला सोडून गेला. गाडीतून उतरली ती उंचीने माझ्या छातीला लागली. मी पाहतच राहिलो.

खोली दाखवली. खूप छान आहे म्हणाली, अगदी शहाण्या मुलीसारखं. मग विचारलं, की इथे कुठलं बाळ राहायला येणार आहे. मी म्हटलं, तूच. तिने माझं मन राखायला खुर्चीवर बसून पाहिलं, तर गुडघे टेबलाच्या फळीला अडले. काळ्या पट्ट्यावर काही काढायचं तर तिला मांडी घालून बसावं लागतं. थोडा वेळ मातीत बोट फिरवून बाहेर गेली.

तुझी काही चूक नाही, तू बजावून विचारलं होतंस. वय मला पाठ होतं. नऊ पूर्ण, चौथीत जाणार. पण फोनवर चेहरा दिसतो, उंची कुठे दिसते. हात खाली नेला की हाताखाली तेच चार वर्षांचं पोर यायचं. ती तिकडे वाढली आणि इकडे मी तिला वाढूच दिलं नाही. फार वाईट वाटतंय.

संध्याकाळी ती आईशी दार लावून बोलते. विक्रमचा फोन वाजला की मी आधी तिने बॅग भरली नाही ना ते बघून येतो. साखरबाई म्हणते, तोंड उघडा, मारलं व्हतं ते कबूल करा, पोर हाय, समजंल तिला. कसं सांगू ते कळत नाही.

तुझी आठवण येते. दोन ओळी लिही.
तुझा, सावळाराम


इनामगाव
१२ मे २०२५

तीर्थरूप मेहमूद आजोबा यांना,
हिंदवीचा सा. न. वि. वि.

सुरुवात अशी लिहायची असं आजोबांनी सांगितलं. पुढचं माझं मी लिहिते आहे. ते बाहेर गेले आहेत.

मी तुम्हाला पाहिलं नाही, पण तुमचं टेबल मला आवडलं. बसता येत नाही, पण त्यावर उभं राहता येतं. ते अजिबात हलत नाही, तरी आजोबा दोन्ही हातांनी धरून ठेवतात. काळ्या पट्ट्याच्या वर पांढरी भिंत आहे ना, तिथे मी नदी काढली, दोन बैल काढले आणि आजी काढली. आजीला नाक मोठं झालं म्हणून ती माझ्याशी एक दिवस बोलली नाही. आजोबा म्हणाले, अजून वर काढ, छतापर्यंत काढ. खुर्चीवर मी मातीची भांडी वाळत ठेवते.

एक गोष्ट सांगायची आहे. आजोबांनी मला सांगितलं की मी लहान असताना भिंत खराब केली म्हणून त्यांनी मला मारलं होतं. मला ते आठवतच नाही. मी तसं म्हटलं तर ते पदराने रडले, म्हणजे आजीच्या पदराने. आजी म्हणाली, रडू द्या, पाच वर्सांचं साठलंया.

आता काम. मला नवीन टेबल आणि खुर्ची पाहिजे. सोबत सुतळी पाठवली आहे. पहिली गाठ माझ्या गुडघ्याची, दुसरी कोपराची. पायाकडचं टोक लाल रंगवलंय. आजी म्हणाली, पोरांचं कापड कायम वाढत्या अंगाचं शिवत्यात. म्हणून दोन्ही गाठी मी चार चार बोटं वर बांधल्या आहेत. परत यायचं आईला फोन करून विचारलं, ती हो म्हणाली.

घाई नाही. पुढच्या मे महिन्यात मी येईन तेव्हा झालेलं असलं म्हणजे झालं.

जन्नत आजींना नमस्कार. माझ्यावर राग धरू नका.
तुमची नात,
हिंदवी