सदतिसावं काम

६ फेब्रुवारी २००६, सोमवार

राहिलेल्या कामांची यादी मिळाली. सदतीस कामं! कामाक्षी, डॉक्टरांनी नेमलेली इंजिनिअर, माझ्या क्षमाच्या वयाची. दवाखान्याचे तिन्ही मजले खडू घेऊन पालथे घातले तिने. फरशीवर टिचकी मारते, पोकळ वाजली की फुली. "अण्णा, ही फरशी हसतेय." चौदा फरश्या हसल्या. बसवल्या माझ्या माणसांनी, म्हणजे मलाच हसल्या.

सदतिसावं काम — दर्शनी भिंतीवरचं दृष्टीचं बाहुलं काढणे. पेंढ्याचं, बटबटीत डोळ्यांचं. इकडे तमिळ मुलखात बांधकाम सुरू झालं की टांगतातच, नजर लागू नये म्हणून. तोंड आमच्या थोरल्या गवंड्याने, गुरुमूर्तीने रंगवलं. मिशी माझी! दीड वर्ष सगळी साइट वर बघून हसते. मीही हसतो. काय करणार!

सतराला, शुक्रवारी, काम पुरं झाल्याच्या पत्रावर सही. शनिवारी गावची गाडी. सुनीतीला फोन केला — ही इमारत झाली की येतो, कायमचा. "बरं," म्हणाली. अकरा वर्षं प्रत्येक इमारतीला ती हेच म्हणते. पण आता क्षमा सासरी गेली. घरात एकटी असते.

९ फेब्रुवारी

एक भेग बुजवली. शेजारी दुसरी उगवली.

११ फेब्रुवारी, शनिवार

मारुतीला तेल घालून साइटवर गेलो. मुख्य ठेकेदार आले होते. एन्नोरला कामगारांच्या क्वार्टर्सचं प्लास्टर आहे, दोन वर्षं तरी. "तुम्हीच हवे." बघतो म्हणालो. माझं 'बघतो' म्हणजे काय, ते त्यांना पाठ आहे. कामाक्षीलाही असावं. यादीतून मान वर करून बघत होती.

सुनीतीला फोन केला. तिकडच्या थंडीचं विचारलं. एन्नोरचं बोललो नाही.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

छत्तीस झाली! एकही फरशी हसत नाही.

आता बाहुलं. गुरुमूर्ती हात लावेना. "पूजेच्या दिवशी उतरतं ते. आधी नाही." डॉक्टर म्हणतात, पत्र आल्याशिवाय पूजा नाही. कामाक्षी म्हणते, यादी संपल्याशिवाय पत्र नाही. आणि यादीत बाहुलं!

"मग तूच काढ," मी तिला म्हणालो.

"मी? अय्यो अण्णा, माझं लग्न व्हायचंय!" इंजिनिअरिंग शिकलेली मुलगी!

गुरुमूर्ती म्हणाला, "तुम्ही काढा. मिशी तुमचीच आहे."

मारुतीचं नाव घेऊन शिडीपर्यंत गेलो. शिडी भिंतीला नीट टेकली आहे ना, ते पाहिलं. परत आलो.

१५ फेब्रुवारी

खरं लिहायचं तर — बाहुलं उतरेना, याचं मला तितकंसं वाईट वाटत नाही. ते वर आहे तोवर मी कामावर आहे. उतरलं की गाव की एन्नोर, ते तोंडाने बोलावं लागेल. शाळेत गुरुजी पाटी पुसा म्हणायचे, तेव्हा मी शेवटचं गणित गिरवत बसायचो. पन्नाशी आली, तरी तेच! देवा, तुला दिसतंच आहे.

कामाक्षीने घरचा फोन नंबर मागितला. "तुम्ही गेल्यावर फरशी हसली तर रागवू कुणाला?" दिला.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

सुनीती आली! न कळवता, एकटी. दवाखान्यासमोर रिक्षातून उतरली आणि वर बघतच राहिली.

"तुम्हाला हे असं टांगून ठेवलंय होय?"

मी नजर, पूजा, पत्र सगळं सांगायला लागलो. ऐकून घेईल तर ना! पदर खोचून शिडीवर. "माझ्याच माणसाला खाली उतरवायला मला कसला आलाय मुहूर्त?" सुतळी सोडली, बाहुलं काखेत मारून उतरली.

गुरुमूर्तीने हात जोडले. म्हणाला, अम्मांनी काढलं तर चालतं. हा नियम त्याने तिथेच उभ्याउभ्या केला असावा. कामाक्षी पेन उघडून तयारच होती. सही झाली. मग दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. जुनी ओळख असल्यासारख्या.

१८ फेब्रुवारी, शनिवार

गाडी गेली. आम्ही बसलो नाही. सुनीतीच्या पिशवीतून काल पोळपाट-लाटणं निघालं.

सकाळी तिने मला गुरुमूर्तीपुढे उभं केलं आणि तमिळमध्ये सांगायला लावलं — एन्नोरचं बाहुलं रंगवशील, तेव्हा त्याच्या शेजारी एक बाई काढ.

एन्नोरचं मी तिला सांगितलंच नव्हतं.