व्याहीभेटीच्या आधीची वाटणी

मी, रतिलाल सुकदेव बोरसे, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त पोस्टमन, राहणार गल्ली नंबर सहा, धुळे, हे मृत्युपत्र माझ्या ओट्यावर बसून माझ्याच हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही, मला कोणाची फूस नाही. घाई मात्र आहे. परवा माझी नात मोनाली हिचे लग्न आहे आणि त्या दिवसाच्या पलीकडे मी जिवंत असेन याची खात्री मला कोणी देत नाही.

कलम १. घाईचे कारण. गेल्या दिवाळीनंतर नाशिकला माझ्या छातीत पेसमेकर बसवला. सगळा जन्म दुसऱ्यांच्या ढोलताशाचा ताल ऐकण्यात गेला, आता माझा ताल एक यंत्र सांभाळते. डॉक्टरांनी बजावले आहे, "आबा, मोठ्या स्पीकरजवळ उभं राहायचं नाही. त्यातल्या चुंबकाने यंत्र चुकू शकतं आणि तो दणका तुमच्या हृदयाला झेपायचा नाही." मी विचारले, बँड चालेल का. ते म्हणाले, बँड चालेल.

मोनालीचे सासर पहूरचे. आमच्यात वाजंत्री आणण्याचा मान वरपक्षाचा असतो, त्यात मुलीकडच्यांनी तोंड घालायचे नसते. त्यांनी डीजे ठरवला आहे. वरात मारुतीच्या देवळाहून मांडवाच्या दाराशी येईल आणि तिथे व्याहीभेट होईल. मुलीचा आजोबा आणि मुलाचा आजोबा एकमेकांना हार घालतील, गळाभेट घेतील. त्या वेळी डीजेची गाडी मुलाच्या आजोबांच्या पाठीला लागून उभी असते. म्हणजे पहूरच्या आजोबांना मिठी मारायची तर मला त्या स्पीकरच्या तोंडाशीच जावे लागणार.

मुलगा धर्मेंद्र याला मी सांगितले की व्याह्यांच्या कानावर घाल. तो आठवडाभर टाळत होता. काल शेवटी म्हणाला, "आबा, सोयरीक जुयनी तवय आपन यंत्रनं सांगं नही. आते सांगं तर दपाडी ठेवं आस म्हनतीन. तुम्ही घरमाच बसा." मी म्हटले, "मी घरमा बसू आनि दारमा कोन उभा ऱ्हाई?" आजार लपवून ठेवला असे व्याही म्हणतील, ही त्याला धास्ती. पण आजोबा हयात असून दारात आला नाही, तर पहूरची माणसे त्याचा अर्थ अपमान असाच लावतील, आणि त्याचे बोल मोनालीला जन्मभर ऐकावे लागतील. सबब मी दारात उभा राहणार आहे. मला भीती वाटते. हे इथे लिहितो, कारण तोंडाने मी ते कोणाला सांगणार नाही.

मी त्या दारात पडलो तर पहूरच्या मंडळींना, डीजेवाल्याला किंवा धर्मेंद्रला जबाबदार धरू नये. मला बाजूच्या खोलीत नेऊन ठेवावे. आधी अक्षता, मग मी.

कलम २. घर. गल्ली नंबर सहामधील दोन खोल्या, ओटा आणि वरची पत्र्याची खोली मी माझ्या पगारातून घेतलेली आहे. ते सर्व पत्नी यशोदाबाई हिच्या हयातीपर्यंत तिचे, तिच्यामागे धर्मेंद्रचे. कच्च्या मसुद्यात मी अशी अट घातली होती की या घराच्या कोणत्याही कार्यात डीजे वाजल्यास घर देवस्थानाला जावे. यशोदाबाईने ते वाचले आणि विचारले, "देवना दारशे काय वाजस मंग?" गणपतीत काय वाजते ते मलाही माहीत आहे. अट काढून टाकली आहे.

कलम ३. सायकल, पोस्टाची पिशवी आणि टोपी-टॉवेल. पिशवी आणि सायकल धर्मेंद्रला द्यावीत. तिची घंटा मोडकी आहे, मी मुद्दाम दुरुस्त केली नाही. बँडच्या मागे चालताना घंटा वाजवणारा माणूस मला आवडत नाही.

या सायकलवर मी धुळ्याच्या सगळ्या नंबरांच्या गल्ल्यांत टपाल वाटले. लग्नपत्रिका माझ्याच हातून जात, त्यामुळे कोणत्या तिथीला कोणत्या गल्लीत बँड वाजणार हे मला मुलीच्या बापाच्या खालोखाल माहीत असे. त्या दिवशी त्या गल्लीचे टपाल मी शेवटी ठेवी. पाचकंदील चौकापाशी वरात अडली की मी मनिऑर्डरची पिशवी खांद्याला लावून तिथेच उभा. आग्रा रोडवरच्या एका व्यापाऱ्याने माझी तक्रार केली होती की त्याची पत्रे लग्नसराईत शिळी होऊन येतात. तक्रार खरी होती. मात्र तो व्यापारी स्वतः ताशाच्या काड्या हाताने अडवून हळू वाजवायला सांगणारा माणूस होता, म्हणून मला तिचे वाईट वाटले नाही.

एकदा अशाच एका वरातीमागे मी पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात गेलो. मुलीकडच्यांना वाटले हा मुलाकडचा, मुलाकडच्यांना वाटले हा मुलीकडचा. पंगतीत बसवले, टोपी-टॉवेल दिले आणि वऱ्हाडाच्या परतीच्या ट्रकमध्ये बँडवाल्यांसोबत चढवले. डोळा लागला तो नशिराबादला उघडला. तिथे परकर सावरत एक मुलगी चहाची किटली घेऊन आली आणि म्हणाली, "तुम्ही कोनाकडना?" मी म्हटले, "बँडकडना." ती यशोदाबाई. पुढच्या वर्षी आमचे लग्न झाले आणि बँड अर्थातच तोच होता. असे फुकटचे मिळालेले टोपी-टॉवेल एक ट्रंकभर आहेत. ते माझ्या दहाव्याला आलेल्यांना वाटावेत. कोण कोणाकडचा हे विचारू नये.

कलम ४. कॅसेट. वरच्या खोलीतल्या सर्व कॅसेट मोनालीच्या. त्या बाजारातल्या नाहीत. खांद्याला टेपरेकॉर्डर लटकवून मी भर वरातीत त्या भरल्या आहेत, म्हणून त्यांत गाणे कमी आणि धुळे जास्त आहे. म्हशी हाकलणारे, लिमलेटवाला, नवरदेवाच्या घोड्याला शिव्या देणारा मोतद्दार, सगळे आहेत. मोनाली चार वर्षांची असताना माझ्या खांद्यावर बसून एका वरातीत "आबा, अजून पुढे" असे ओरडली होती, तेही एका कॅसेटवर आहे. ती कॅसेट निळ्या झाकणाची. गेला महिनाभर मी ती लावलेली नाही, कारण मग परवा दारात उभे राहण्याचा माझा निश्चय टिकणार नाही. धर्मेंद्रने या कॅसेटमधला गोंगाट कोणाकडून साफ करून घेऊ नये.

कलम ५. क्लॅरोनेट. माझ्या कपाटात हिरव्या फडक्यात गुंडाळलेले एक क्लॅरोनेट आहे. ते माझे नाही. ते झुलाल याचे आहे. गल्ली नंबर चारचा झुलाल हा माझा मित्र, आणि या शहरात वरातीपुढे त्याच्यासारखे कोणी वाजवले नाही. तो वाजवायचा तेव्हा नवरदेवाकडे कोणी बघत नसे, यावरून एका नवरदेवाने भांडण काढल्याचे मी स्वतः पाहिले आहे. त्याचा बँड मोडला त्या दिवशी तो हे घेऊन माझ्या ओट्यावर आला आणि म्हणाला, "रतिलाल, हाई तुनाकडे ऱ्हाऊ दे. मना घरमा ऱ्हायनं तर इकाई जाई." बाकीचा सगळा बँड विकला गेला आणि त्यातून त्याचा मुलगा नवल याने पहिले स्पीकर आणले.

पुढच्या लग्नसराईत मी आग्रा रोडवर उभा होतो. डीजेची गाडी आली, दुकानांची शटर थरथरत होती, आणि ड्रायव्हरशेजारी झुलाल बसलेला. त्याने मला हात केला. मी तोंड फिरवले. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललो नाही आणि याचा मला आजही पश्चात्ताप नाही. परवा पहूरकरांनी जो डीजे ठरवला आहे तो नवलचाच. हे मला कळले त्या दिवशी मी जेवलो नाही.

तरीसुद्धा वस्तू ज्याची त्याला गेली पाहिजे. माझ्या मृत्यूनंतर हे क्लॅरोनेट झुलाल यास द्यावे.

कलम ६. अंत्ययात्रा. माझ्यापुढे काहीही वाजवू नये. बँड उरलेला नाही आणि दुसरे काही मला नको.

इथवर लिहून झाले आणि साक्षीदार म्हणून शेजारी भाईदास आले. वकिलांनी दोन साक्षीदार सांगितले होते. दुसऱ्याला मीच बोलावते, असे यशोदाबाई सकाळी म्हणाली होती. ओट्याच्या पायरीवर जो उभा राहिला तो झुलाल. केस पूर्ण पांढरे, हातात काठी. यशोदाबाई दारातून हलली नाही. पुढचे जसे घडले तसे लिहीत आहे, कारण त्यामुळे वरचे एक कलम बदलले आहे.

झुलाल बसला नाही. म्हणाला, "सही करासाठे बलायं म्हने. मरानी इतली घाई कसाले?"

भाईदासांनी कलम एक मोठ्याने वाचून दाखवले. मी त्यांना थांबवू शकलो असतो, थांबवले नाही. चुंबकाचे आले तेव्हा झुलालने काठी भिंतीला टेकवली आणि खाली बसला. बराच वेळ तो माझ्या छातीकडेच बघत होता.

"माले कोनी सांगं नही," तो म्हणाला.

"तू कोन शे तुले सांगाले," मी म्हटले. इतक्या वर्षांत मी त्याच्याशी बोललेले हे पहिले वाक्य.

भाईदास पुढे वाचत गेले. कलम पाच आले तसे मी म्हणालो की झुलालची सही चालणार नाही, कारण वकील म्हणाले आहेत, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. एक तर क्लॅरोनेट, नाही तर सही. मला वाटले होते तो उठून जाईल. खरे सांगायचे तर त्याने जावे असे मला वाटत होते, आणि तो गेला असता तर मला रडू आले असते.

झुलाल म्हणाला, "मंग आतेच दे ना भो. तू मरशी तवलोंग कसाले थांबू?"

यशोदाबाईने फडके आणून त्याच्या मांडीवर ठेवले. त्याने नळ्या जोडल्या, जिभेने पट्टी ओली केली आणि फुंकले. नुसती हवा आली. दुसऱ्यांदाही हवाच. त्याचे पुढचे दात आता खोटे आहेत. तिसऱ्यांदा एक सूर निघाला, कापरा आणि किंचित उतरलेला. समोर मांडवाला पाने बांधणारी मोनाली शिडीवरून वळून बघू लागली. मी मान खाली घालून कागदाकडे पाहत राहिलो.

"व्याहीभेटले मी वाजाडसू," झुलाल म्हणाला. "तवलोंग नवलनी मशीन बंद ऱ्हाई, आनि गाडी मांगे."

"तो ऐकी?" मी विचारले.

"मना आंडोर शे. ऐकी का नही ते माले सांगता येत नही. पन मशीन चालू ऱ्हायनी तर तुना आनि गाडीना मजार मी उभा ऱ्हासू."

"पहूरवाला काय म्हनतीन?"

"म्हातारा येडा व्हयी गया म्हनतीन. मना नावे म्हनतीन, मोनालीना नावे नही."

भाईदासांनी पेन पुढे केले.

सबब, कलम ५ मी याद्वारे रद्द करीत आहे. वस्तू मालकास माझ्या हयातीत परत दिली. समासात माझी सही आहे. कलम ६ सुद्धा रद्द. त्या वेळी झुलालच्या अंगात दम असेल तर काय वाजवायचे ते त्याने ठरवावे.

कलम ७. हा कागद परवापर्यंत यशोदाबाईकडे राहील. व्याहीभेटीला क्लॅरोनेट ऐकू आले तर तिने तो माझा मला परत आणून द्यावा, मी सवडीने पुन्हा लिहीन. नाही ऐकू आले तर अक्षता पडल्यावर उघडावा.

लिहून देणार : रतिलाल सुकदेव बोरसे (सही)

आम्हा दोघांसमक्ष त्यांनी वरील सही केली, आणि त्यांच्यासमक्ष आम्ही आमच्या सह्या करीत आहोत.

साक्षीदार १ : भाईदास, शेजारी, राहणार गल्ली नंबर सहा, धुळे (सही)

साक्षीदार २ : झुलाल, राहणार गल्ली नंबर चार, धुळे (सही)
व्यवसाय : बँडवादक

(येथे मी ‘पूर्वी बँडवादक’ असे लिहिले होते. ‘पूर्वी’ हा शब्द साक्षीदाराने स्वतःच्या हाताने खोडला आहे. खाडाखोड मला मान्य. र. सु. बोरसे)

ठिकाण : धुळे
दिनांक : ६ मे २०२५