एका कापाला एकोणीस ग्रॅम

प्रिय धाकट्या,

सकाळपासून तुझे सात फोन येऊन गेले आणि मी एकही उचलला नाही. फोनवर तू मधेच बोलतोस, मग आवाज चढवतोस आणि शेवटी ताई, तू फार मनावर घेतेस म्हणून मोकळा होतोस. पत्राच्या मधे बोलता येत नाही. तेव्हा आज गपगुमान वाच.

आपल्या पिझ्झ्याच्या खोक्याची मागची बाजू तू शेवटची कधी वाचलीस? पुढची तुला पाठ आहे, त्यावर तुझ्या लेकीने काढलेली खारूताई आहे आणि खाली ठळक अक्षरांत ‘ग्लूटेनमुक्त’. मागे एक छोटा तक्ता असतो, त्यात मी प्रयोगशाळेतून पाठवलेले आकडे असतात. प्रथिनं, चरबी, मीठ, कर्बोदकं. एका कापाला कर्बोदकं एकोणीस ग्रॅम. तो एकोणीस मी काढलेला आहे, आपण बेस हरभऱ्याच्या पिठाचा करत होतो तेव्हा.

तुला आठवत असेलच. तुझी खारू चार वर्षांची होती आणि डॉक्टरांनी गहू जन्मभरासाठी बंद केला. शेजारच्या वाढदिवसाला बाकीची मुलं पिझ्झा खात होती आणि ही काकडीच्या चकत्या गालात साठवत बसली होती. तू तिथून थेट माझ्याकडे आलास, बूटही न काढता स्वयंपाकघरात उभा राहिलास आणि म्हणालास, ताई, काहीतरी कर. अकरा वेळा पीठ फसलं. बाराव्या वेळी जमलं आणि त्यातून तुझा कारखाना उभा राहिला. तेव्हा मला तुझा फार अभिमान वाटायचा. हे मी आज रागात असतानाही लिहितेय, कारण ते खरं आहे.

मग ती सात वर्षांची असताना मधुमेहही आला. तू आणि वहिनी आठवडाभर रडलात. मी तिला शेजारी बसवून खोक्याची मागची बाजू वाचायला शिकवली. एका कापात किती, काप किती, गुणाकार कर, दहा ग्रॅमला एक युनिट इन्सुलिन. दोन काप म्हणजे अडतीस, म्हणजे चार युनिट. महिन्याभरात ती माझ्याआधी उत्तर द्यायला लागली. बाकीच्या पदार्थांचं ती वजन करून बघायची, आपल्या पिझ्झ्याचं कधीच नाही. विचारलं तर म्हणायची, आत्याने लिहिलंय ना.

गेले सहा महिने बुधवारी आणि शनिवारी रात्री तिची साखर चढत होती. ते दोन तिचे पिझ्झ्याचे वार. हे तुझ्या डोक्यात आलं नाही, माझ्याही आलं नाही. तुझ्या डोक्यात काय आलं, तर पोरगी लपून खाते. लहानपणी गालात शेंगदाणे साठवायची म्हणून आपण लाडाने खारू म्हणायला लागलो, आणि त्याच नावावरून तू तिला टोमणे मारायला लागलास. कपाटाला कुलूप लावलंस. आणि त्या दिवशी माल भरायच्या फाटकाशी, दहा कामगारांसमोर, तिचं दप्तर उलटं केलंस. काय निघालं त्यातून? कंपास, एक मोजा आणि तिची इन्सुलिनच्या हिशेबाची वही. तरी तू म्हणालास की खोटारड्या माणसांचं हे असंच असतं, पुरावा ठेवत नाहीत. अकरा वर्षांच्या मुलीला. मी तिथेच उभी होते आणि मूग गिळून गप्प बसले, याची लाज मला वेगळी आहे.

आता ती वही माझ्यासमोर आहे. परवा दवाखान्यात तिने ती उशीखालून काढली आणि मला म्हणाली, आत्या, माझा गुणाकार कुठे चुकतो ते बघ ना. मी सहा महिन्यांची पानं तपासली. एकही गुणाकार चुकलेला नाही. शेवटच्या पानावर तिने लिहिलंय की माझं उत्तर नेहमी कमी येतं, म्हणून आता प्रत्येक वेळी दीड युनिट जास्त घ्यायचं. तिला दवाखान्यात न्यावं लागलं त्या दिवशी शाळेच्या डब्यात साधा भात होता, घरून मोजून नेलेला. त्यावर तिने ते दीड जास्त घेतलं, मग शर्यतीत पळाली आणि साखर उतरून मैदानावर कोसळली. आपण खरं बोलतो असं बापाला वाटावं म्हणून, धाकट्या. दुसरं काही कारण नव्हतं.

दवाखान्यातून मी तडक कारखान्यात गेले आणि कोल्ड रूममधून एक खोकं काढून तपासणीला लावलं. एका कापाला अठ्ठावीस. दोन कापांना छप्पन्न. म्हणजे तिला हवं होतं साडेपाच आणि आपण तिला चार घ्यायला लावत होतो. ते दीड युनिट त्या पोरीने स्वतःच्या अंगावर बरोबर शोधून काढलं होतं, फक्त दोष स्वतःच्या गणिताला दिला.

हरभऱ्याचा बेस गोठवल्यावर तडकतो म्हणून आपण बटाट्याच्या स्टार्चवर गेलो, त्याला सहा महिने झाले. ग्लूटेनसाठी आपण डोळ्यांत तेल घालून बसतो. वेगळे बूट, वेगळे हातमोजे, प्रत्येक बॅचची तीनदा तपासणी. त्या एका शब्दापुढे बाकीचा तक्ता आपल्याला नक्षीसारखा वाटायला लागला. तेव्हाच मी अठ्ठावीसचा नवा तक्ता तुझ्याकडे पाठवला होता. त्यावर तुझ्या अक्षरात शेरा आहे, जुनी खोकी आधी संपू देत.

आज सकाळी मी लाइन बंद केली. दुकानांतला माल परत मागवलाय आणि अन्न खात्याला माझ्या सहीने कळवलंय. खरा आकडा डॉक्टरांना सांगितलाय. तुझे फोन त्यासाठी होते हे मला ठाऊक आहे. त्यावर आरडाओरडा करायचा तर नंतर कर, पण हे पत्र त्यासाठी नाही. खारूला मी एवढंच सांगितलंय की तुझा गुणाकार बरोबर आहे. मग खोटं कोण बोललं, हे तिने विचारलं, तेव्हा मी म्हणाले, बाबा येऊन सांगतील. खोटारडी तू म्हणालास, ते तुलाच परत घ्यावं लागेल. पाच वाजता भेटायची वेळ सुरू होते. जाताना नवा तक्ता ने आणि जुनं खोकंही ने. दोन्ही तिच्या हातात दे आणि तिलाच गुणाकार करू दे. ती गप्प बसली तर तूही गप्प बस, समजूत घालायला जाऊ नकोस. आणि आत्याला हे माहीत होतं का, असं ती विचारेल. विचारेलच. तुझ्या त्या शेऱ्याखाली माझी सही आहे. तिला हो म्हणून सांग.

तुझीच,
ताई