वजा केलेले ठोके

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज नणंदेच्या प्रयोगशाळेत जाऊन आडवी झाले. मला सातवा लागलाय. ती डॉक्टर होणार, पण औषधाची नाही — गारठ्याची! हे तिला 'बर्फवाली' म्हणतात. ती म्हणते, "माझ्या रांजणापुढे बर्फ म्हणजे उकळता चहा!"

मोठा पांढरा रांजण. फुग्यात भरतात तो वायू इतका गार केलाय की त्याचं पाणी झालंय. बुडाशी यंत्राचा नखाएवढा तुकडा. काळीज धडधडलं की अंगाबाहेर लोहचुंबकासारखी किंचित ओढ लागते म्हणे, ती त्याला कळते. गारठ्यातच कळते.

पिना, बांगड्या, हूकवाले कपडे — सगळं उतरवून नाडीचा झगा घातला. लिफ्टही बंद ठेवली, ती हलली तरी तुकडा बावरतो. जिना चढणारे शिव्या घालत असतील मला!

आधी माझे ठोके दिसले, डोंगराएवढे. बाळाचे त्याखाली झाकलेले. "आईचे वजा करायचे, उरतात ते बाळाचे." कॉम्प्युटरने केले वजा.

नणंदेने ते पुन्हा करायला लावलं. मग आणखी एकदा.

४ फेब्रुवारी

बाळाचा ठोका मधेच चुकतो. खोदून खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. "माझं यंत्र अजून शिकतंय गं वहिनी. दवाखान्यात दाखवू."

यंत्र शिकतंय, आणि इथे माझा जीव टांगणीला.

६ फेब्रुवारी

दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, "बाळाचे ठोके छान आहेत." सासूबाई म्हणाल्या, "रांजणाला काय कळतंय? घोड्यासारखा लाथा मारतोय तो!" मग खोटं कोण? माझी शाळा चौथीत सुटली, मी कोणाला विचारू?

माझी थोरली लेक रोज पोटाला कान लावते. आज म्हणाली, "बाळ झोपलं." एक चापट द्यावीशी वाटली. नाही दिली. तिलाच पोटाशी धरून रडले.

९ फेब्रुवारी

नणंद आली. ताटावर बसली नि अर्ध्यावर उठली. म्हणाली, "सगळं पहिल्यापासून बघते. वजा करताना मी धरूनच चालले होते की आईचे ठोके एकसारखे पडतात."

मला काय कळतंय त्यातलं! म्हटलं, धर बाई तुला काय धरायचं ते. माझं बाळ तेवढं धडधाकट सांग.

१२ फेब्रुवारी

बाळ धडधाकट आहे. चुकतो तो माझा ठोका. मी जिथे चुकले, तिथे यंत्राने शहाण्या बाईचा ठोका वजा केला आणि उरलेलं बाळाच्या माथी मारलं.

"सुटले!" — निघूनच गेलं तोंडातून. नणंद रडायला लागली. "अगं वहिनी, तुझं आहे ते."

घरी आले. थोरली कान लावायला धावली. तिला जरा वर ओढलं, छातीशी.

म्हणाली, "इथे कोण आहे?"